‘संस्थेच्या हितासाठी’

गेल्या काही वर्षांत निवृत्त मुख्याध्यापकांचे आणि प्राचार्यांचे सात-आठ गौरवग्रंथ माझ्या हाती आले. काही भेट म्हणून आले, दोन अभिप्रायासाठी आले आणि एकाची तर मला रीतसर वर्गणी भरावी लागली. या सर्व ग्रंथांत एक वाक्य थोड्याफार फरकाने हटकून आढळते: ‘सरांनी स्वतःसाठी काही केले नाही, जे केले ते संस्थेच्या हितासाठी केले.’ लिहिणाऱ्याला त्यात स्तुती अभिप्रेत असते आणि वाचणाराही मान डोलावतो. माझे म्हणणे असे आहे की, आपल्या शिक्षणक्षेत्रात गेल्या अर्धशतकात जो खोटेपणा माजला त्याचा फार मोठा भाग या एका वाक्याच्या आडोशाने माजला; आणि म्हणून हे वाक्य गौरवग्रंथातून उचलून आरोपपत्रात घालण्याच्या योग्यतेचे आहे.

असे म्हटले की आमचे स्नेही चिडतात. निःस्वार्थी माणसाला दोष देता, तर मग स्वार्थी माणसाला काय म्हणाल, असा त्यांचा सवाल असतो. उत्तर सोपे आहे. स्वार्थासाठी लबाडी करणाऱ्या माणसाला आपण लबाडी करीत आहोत हे ठाऊक असते. तो भितो, लपवतो, कधीमधी त्याचा हात अडखळतो आणि सापडला की त्याच्या बाजूने कोणी उभे राहत नाही. संस्थेसाठी लबाडी करणाऱ्याला यातला कोणताच अडथळा नसतो. त्याला रात्री झोप लागते. सहकारी त्याला ‘संस्थेचा माणूस’ म्हणून वाखाणतात. शिवाय स्वार्थाला कोठेतरी मर्यादा पडते, माणसाचे पोट एवढेसे असते. संस्थेच्या पोटाला तळ नाही. एक शाळा झाली की महाविद्यालय हवे, महाविद्यालय झाले की तंत्रनिकेतन हवे, ते झाले की स्वतःचे विद्यापीठ हवे. आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी एक सज्जन, साधा राहणारा, खादीचा सदरा घालणारा मुख्याध्यापक स्वतःच्या संसारात जे पाप कधी करणार नाही ते संस्थेच्या संसारात बिनदिक्कत करीत असतो.

मी बत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले आणि निवृत्तीनंतर काही काळ दुसऱ्या एका शाळेच्या समितीवर बसलो. तेव्हा हे सर्व मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. मासला म्हणून नववीची गोष्ट सांगतो.

दहावीचा निकाल शंभर टक्के लागला की शाळेच्या फाटकावर फलक लागतो, त्यावर संस्थाचालकांची छायाचित्रे असतात, आणि पुढच्या जूनमध्ये पाचवीच्या प्रवेशाला रांग लागते. रांग लागली की तुकड्या टिकतात. तुकड्या टिकल्या की शिक्षक टिकतात. हा हिशेब कोणत्याही मुख्याध्यापकाला तोंडपाठ असतो. शंभर टक्के निकाल लावण्याचे दोन मार्ग आहेत. एक, सगळी मुले उत्तीर्ण होतील असे शिकवणे. हा मार्ग लांबचा आणि बेभरवशाचा आहे. दुसरा, जी उत्तीर्ण होणार नाहीत ती परीक्षेला आपल्या शाळेतून बसणारच नाहीत अशी तजवीज करणे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुळात आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवण्याची सोय ठेवलेली नव्हती. त्यामुळे ही गाळणी लावायची ती नववीत. कच्च्या मुलाला नववीत नापास करून दाखला घ्यायला लावायचे, नाहीतर ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून बसायला सांगायचे. मंडळाच्या आकडेवारीत खासगी रीतीने बसलेल्यांचा निकाल निराळा मोजला जातो. शाळेच्या शंभर टक्क्यांना त्याचा डाग लागत नाही.

मी ज्या समितीवर होतो तिच्या एप्रिलमधल्या बैठकीत अकरा नावांची यादी निघाली. यादी मुख्याध्यापकांनी स्वतः, फार सुंदर अक्षरात, काढलेली होती. हा माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या पगारातून दरवर्षी चार-पाच मुलांची फी भरणारा, सुट्टीच्या दिवशी बाग शिंपायला येणारा होता. त्याने प्रत्येक नावापुढे वडिलांचा धंदा लिहिला होता: हमाल, वीटभट्टी, बिगारी, वाहनचालक, पुन्हा हमाल. अकरांपैकी एकाचाही बाप वकील किंवा व्यापारी नव्हता. त्याच वर्गात एका कापड दुकानदाराचा मुलगा गणितात या अकरांतल्या निम्म्यांहून कच्चा होता. हे मी स्वतः तपासलेल्या पेपरांवरून सांगतो, कारण समितीवर असलो तरी सराव परीक्षेचे पेपर तपासायला मला हौसेने बोलावीत. त्याचे नाव यादीत नव्हते. त्याला जादा तास ठेवले होते.

यादीतल्या एका मुलाचा बाप बाजार समितीत हमाल होता. त्याला माझ्यासमोर बोलावले गेले.

“तुमचा मुलगा इथून बसला तर नापास होईल. त्यापेक्षा सतरा नंबरने बसवा. दडपण राहत नाही,” मुख्याध्यापक म्हणाले.

“मग शाळेत यायचं नाही का त्यानं?”

“रोज यायची जरुरी नाही.”

“बरं झालं सर. माझ्याबरोबर तरी नेता येईल.”

त्याने दोन्ही हात जोडले, बाहेर ठेवलेल्या चपला घातल्या आणि तो गेला. मुलाला घालवले जात आहे हे त्याला उमगले नाही. सरांनी आपल्या मुलाची काळजी घेतली असेच त्याला वाटले.

मी एवढेच म्हटले की, हा निर्णय बैठकीच्या इतिवृत्तात लिहावा. अकरा नावे, त्यांना वर्गाबाहेर काढण्याचे कारण आणि कापड दुकानदाराच्या मुलाला न काढण्याचे कारण. कार्यवाह हसले. मुख्याध्यापक हसले नाहीत. ते अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाले, “सर, अशा गोष्टी लिहायच्या नसतात. संस्थेच्या हिताचं असतं ते.” माझा विरोध लिहून घ्या म्हटले, तोही लिहिला गेला नाही. पुढच्या वर्षी त्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला आणि तालुक्यात तिचा सत्कार झाला. मी त्याआधीच समिती सोडली होती.

‘अशा गोष्टी लिहायच्या नसतात’ या उत्तराचा मी पुढे पुष्कळ विचार केला. शाळा ही लिहिण्यावर चालणारी जागा आहे. हजेरी लिहायची, गुण लिहायचे, दाखला लिहायचा, रजेचा अर्ज लिहायचा. सात वर्षांच्या मुलालासुद्धा ‘मी काल का आलो नाही’ हे आपण लिहून आणायला लावतो. आणि अकरा मुलांच्या आयुष्याला वळण लावणारा निर्णय मात्र लिहायचा नसतो! ज्या निर्णयाचे कारण इतिवृत्तात लिहिता येत नाही, पालकसभेत उभे राहून सांगता येत नाही, ज्या मुलाबद्दल तो आहे त्याच्या तोंडावर बोलता येत नाही, तो निर्णय संस्थेच्या हिताचा आहे हे ठरवले कोणी? संस्था म्हणजे कोण? इमारत? कार्यवाह? की ती अकरा मुले संस्थेत मोडतच नव्हती?

गुणांचेही तसेच. दहावीच्या परीक्षेत शाळेच्या हातात असलेले २० गुण कसे वाटले जातात हे महाराष्ट्रात कोणाला नव्याने सांगायला नको. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांतले शाळेने द्यायचे गुण बंद झाले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, तेव्हा सगळी घसरण एका कारणाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. पण त्यानंतर काय झाले पाहा. आमच्या मुलांना अकरावीच्या प्रवेशात दुसऱ्या मंडळांची मुले मागे टाकतील अशी ओरड झाली, ते गुण पुन्हा आले आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्के लागला. भूगोलाचा पेपर त्या वर्षी टाळेबंदीमुळे रद्द झाला होता हेही मी विसरलेलो नाही. या तीन वर्षांत सभा झाल्या, निवेदने गेली, अग्रलेख आले. पण ‘आम्ही वीसपैकी वीस गुण न तपासता देत होतो’ असे म्हणणारा एकही मुख्याध्यापक मला भेटला नाही. सगळ्यांनी दिले ते मुलांसाठी आणि शाळेसाठी.

आता याहून मोठ्या प्रकरणाकडे वळतो. २०११ साली ३, ४ आणि ५ ऑक्टोबर या तीन दिवसांत महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत एकदम पटपडताळणी झाली. त्याआधी नांदेड जिल्ह्यात जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी ती करून पाहिली होती आणि पटावरच्या मुलांचा आणि वर्गातल्या मुलांचा मेळ बसत नाही हे उघडकीला आणले होते. राज्यभर मोजणी झाल्यावर सुमारे २० लाख मुले पटावर असून वर्गात नव्हती असे जाहीर झाले. आणि १४०४ शाळा अशा निघाल्या की जिथे निम्म्याहून अधिक मुले गैरहजर होती. त्या २० लाखांत आजारी मुले असतील, ऊसतोडीला गेलेल्यांची असतील, मामाच्या गावी गेलेली असतील. ती सगळी वजा करा. जी उरतील त्यांना आई-बाप नव्हते, घर नव्हते, बोट नव्हते. ती फक्त हजेरीपटावर जन्मली होती.

हा उद्योग कशासाठी चालत असे तेही नीट समजून घेतले पाहिजे. नाहीतर आपण दोन-चार भामट्यांना शिव्या देऊन मोकळे होऊ. शाळेला शिक्षक किती मिळायचे ते पटावर ठरते. त्याला संचमान्यता म्हणतात. पाच मुले कमी झाली तर एक तुकडी जाते, तुकडी गेली तर एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. तो शिक्षक मुख्याध्यापकाच्या समोर रोज डबा खात असतो. त्याच्या मुलीचे लग्न ठरलेले असते. अशा वेळी हजेरीपटावर पाच नावे वाढवली तर कोणाचे काय बिघडते? पहिल्या वर्षी पाच, दुसऱ्या वर्षी बारा. मग त्या नावांवर पोषण आहाराचा तांदूळ येऊ लागतो, तो न उचलला तर संशय येईल म्हणून उचलावा लागतो. मग पुस्तके येतात, गणवेश येतात. सहामाहीचे गुण लिहावे लागतात. कोऱ्या आयुष्याला चित्रकलेत ‘अ’ श्रेणी द्यावी लागते. वर्षअखेर त्यांना वरच्या वर्गात घालावे लागते. माझ्या ओळखीचे एक गुरुजी सांगत की, एका खेडेगावात अशा मुलांची आडनावे सुचेनात तेव्हा जुन्या क्रिकेटपटूंची वापरली होती. खरेखोटे तेच जाणोत. पण गोष्ट ऐकून सगळे हसले आणि कोणालाही ती अशक्य वाटली नाही.

आणि या सगळ्यांत मुख्याध्यापकाच्या खिशात बहुधा काहीच पडले नाही. जिथे पडले तिथला प्रश्न पोलिसांचा आहे, माझा नाही. मला भेडसावतो तो खिशात काही न पडलेला मुख्याध्यापक. कारण त्यालाच मी विचारले की, त्या तांदळाचे, त्या पगाराचे पैसे कोठून आले, तर तो म्हणेल ‘सरकारचे’. म्हणजे कोणाचेच नाहीत. शिक्षणावर खर्चायच्या पैशाला तळ असतो हे तो गणित शिकवत असूनही विसरला. त्याच्या पटावरच्या न जन्मलेल्या पाच मुलांनी जो शिक्षक अडवला, तो पलीकडच्या तांड्यावरच्या एकशिक्षकी शाळेला मिळाला असता. तिथे चार इयत्ता एका खोलीत बसत होत्या आणि त्या खऱ्या होत्या.

त्या तीन दिवसांतली एक बाब मात्र मला अजून बोचते. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली, मतदाराला लावतात तशी. ही दक्षता सरकारला का घ्यावी लागली असेल? मूल काही आपल्या मनाने दुसऱ्या शाळेत जाऊन दुसऱ्याचे नाव सांगत नाही. त्याला कोणीतरी हात धरून नेणार, कोणत्या बाकावर बसायचे ते सांगणार आणि ‘हजर’ म्हणायला शिकवणार, अशी भीती राज्याच्या शिक्षणखात्याला आपल्याच गुरुजनांबद्दल वाटली. आपल्याकडे शिक्षकाच्या मानमरातबाविषयी सप्टेंबर महिन्यात फार भाषणे होतात. ऑक्टोबरमधली ही शाई त्या भाषणांत कोणी काढत नाही.

शाळा झाल्या, आता विद्यापीठाकडे पाहू. तिथे पट वाढवावा लागत नाही, पण युक्तिवाद तोच.

२०१० साली मुंबई विद्यापीठात रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी पदवीच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात होती. १९७१ सालच्या मुंबईतल्या एका पारशी बँक कारकुनाची ही गोष्ट. कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झालेली, अभ्यासक्रमातही ती काल-परवा आलेली नव्हती. तीत शिवसेनेबद्दल आणि महाराष्ट्रीयांबद्दल आक्षेपार्ह मजकूर आहे अशी तक्रार आदित्य ठाकरे यांनी केली. ते तेव्हा सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकत होते आणि मिस्त्रीही एकेकाळी त्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुस्तकाच्या प्रती जाळण्यात आल्या. कुलगुरू राजन वेळूकर यांनी १९९४ च्या विद्यापीठ कायद्यातील कलम १४(७) खाली कुलगुरूंना असलेला आणीबाणीचा अधिकार वापरून ती कादंबरी अभ्यासक्रमातून काढून टाकली.

तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याशी माझे भांडण नाही. विद्यार्थ्याला पुस्तक न आवडण्याचा अधिकार आहे आणि ते ओरडून सांगण्याचाही. त्या कादंबरीतली काही वाक्ये वाचून एखाद्या मराठी माणसाला राग आला तर मला नवल वाटणार नाही. माझ्याही कपाळावर दोन ठिकाणी आठी पडली. पण कलम १४(७) हे पूर येतो, आग लागते, परीक्षेच्या दिवशी संप होतो, अशा वेळेसाठी होते. जे पुस्तक वर्षानुवर्षे शिकवले जात होते ते एका सकाळी आणीबाणी कसे झाले? आणीबाणी पुस्तकात नव्हती, रस्त्यावर होती. अशा वेळी कुलगुरूंच्या दालनात कोणती भाषा बोलली जाते हे विद्यापीठाच्या जवळपास वावरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. विद्यापीठाची मालमत्ता आहे, हजारो मुलांच्या परीक्षा आहेत, एका कादंबरीसाठी एवढी मोठी संस्था वेठीला का धरायची? पुन्हा संस्थेचे हित! जणू विद्यापीठ म्हणजे काचांच्या खिडक्या आणि त्यांच्या आत सुरक्षित ठेवलेली वेळापत्रके. विद्यापीठ ज्यासाठी बांधले तीच गोष्ट देऊन टाकली आणि खिडक्या वाचवल्या.

याच प्रकरणात दुसऱ्या एका शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाने काय केले तेही नोंदले पाहिजे. सेंट झेवियर्सचे प्राचार्य फ्रेझर मस्कारेन्हास यांनी या निर्णयाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. तक्रार करणारा विद्यार्थी त्यांच्याच महाविद्यालयातला, घराणे राज्यातले बलाढ्य, महाविद्यालय भर मुंबईत. दगड बसलेच असते तर पहिले त्यांच्याच काचांना बसले असते. त्यांच्यापुढे संस्थेचे हित नव्हते काय?

त्याच विद्यापीठात २०१७ साली सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा बेत परीक्षा तोंडावर आल्या असताना अमलात आणला गेला. पडद्यावर तपासण्यात वाईट काही नाही. पण प्राध्यापकांना ते शिकवायला वेळ हवा, आधी एका विद्याशाखेत करून पाहायला हवे, हे सांगणारे लोक होते. त्यांना आधुनिकतेचे शत्रू ठरवण्यात आले. निकाल ४५ दिवसांच्या आत लावावेत असे कायदा सांगतो. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली आणि परदेशी प्रवेश मिळालेली मुले गुणपत्रिकेसाठी कलिन्याला खेटे घालीत राहिली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. एका माणसाला काढले आणि प्रकरण मिटले. ‘थांबा’ म्हणणाऱ्यांचे म्हणणे कोणत्या बैठकीत, कोणत्या शब्दांत मोडून काढले गेले, हे त्या मुलांना कोणी दाखवले नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो मी हलका मानीत नाही. मुख्याध्यापक हा नोकर आहे, खरे मालक संस्थाचालक आहेत; शिक्षकाच्या नेमणुकीसाठी ‘देणगी’ ते घेतात, पट वाढवायला ते सांगतात आणि नाही म्हणणाऱ्या मुख्याध्यापकाची वेतनवाढ रोखतात, गोपनीय अहवाल काळा करतात, त्याला निलंबित करतात. हे खरे आहे. १९७७ च्या सेवाशर्तींच्या कायद्याने खासगी शाळांतील कर्मचाऱ्याला शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, पण दाद मिळेपर्यंत दूधवाला थांबत नाही. शिक्षकभरतीसाठी सरकारने २०१७ पासून जी संगणकीय व्यवस्था आणली तिचे नाव ‘पवित्र’ ठेवावे लागले, यातच आधी काय चालत होते त्याची कबुली आहे. तेव्हा ज्या मुख्याध्यापकाला मुले लहान आहेत, कर्ज डोक्यावर आहे आणि ज्याने भीतीपोटी मान तुकवली, त्याला मी दगड मारणार नाही. त्याने फक्त ‘मी भ्यालो’ असे म्हणावे. भ्यालेला माणूस पुढच्या वेळी कदाचित भिणार नाही. पण जो आपल्या भीतीला ‘संस्थेचे हित’ असे नाव देतो, त्याला पुढच्या वेळी भिण्याचीही गरज उरत नाही. आणि वर तो नव्या शिक्षकांना तेच व्यवहारज्ञान म्हणून शिकवतो.

दुसरा आक्षेप असा की, सगळे उघड करायला लागलो तर संस्था बुडतील. हे म्हणणारे ज्या दालनात बसून म्हणतात तिथल्या भिंतीवर बहुधा कर्मवीर भाऊराव पाटलांची, महर्षी कर्व्यांची, नाहीतर टिळक-आगरकरांची तसबीर असते. तिला हार घातलेला असतो. तिच्यातल्या माणसांनी काय केले ते मात्र कोणी वाचलेले नसते.

डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली निघाली, फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ साली. पाच वर्षे होतात न होतात तोच आजीव सभासदांत भांडण जुंपले. वेतन सर्वांना सारखे असावे की नाही, संस्थेला वाहून घेतलेल्या माणसाने बाहेर काम करून पैसा मिळवावा की नाही, असे प्रश्न होते. रकमा आज हसू येईल इतक्या लहान होत्या. तरुण संस्था, डोक्यावर परकी सत्ता, निंदक टपलेले. गप्प बसायला याहून चांगले निमित्त कोणते मिळाले असते? टिळकांनी १८९० च्या अखेरीस लांबलचक राजीनामा लिहिला आणि आपले म्हणणे कारणांसकट मांडले. यात सगळे शहाणपण त्यांच्याच बाजूला होते असे मी मानीत नाही; आगरकरांचा संसार आणि प्रकृती डोळ्यांसमोर आणली की टिळकांचा कडकपणा मला कठोर वाटतो. पण दोन्ही पक्षांचे म्हणणे कागदावर आले आणि आज आपण ते वाचून कोणाचे चुकले यावर भांडू शकतो. संस्था बुडाली नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून अवघड आहे आणि म्हणूनच ते घेतो. शारदा सदन १८८९ साली मुंबईत निघाले, १८९० साली पुण्यात आले. विधवा मुलींची ही शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा शब्द होता. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि काही मुली तिथे जाऊन बसत. पुण्यात गदारोळ झाला. आपल्या खोलीचे दार बंद ठेवले असते तरी वादळ कदाचित शमले असते. त्यांनी दार बंद केले नाही. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दिलेला शब्द पातळ केला असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला फोल वाटत नाही; मी त्या मंडळावर असतो तर बहुधा मीही बाहेर पडलो असतो. पण बाहेर पडता आले कशामुळे? आत काय चालले आहे ते दिसत होते यामुळे. रानड्यांना दिसले, पालकांना दिसले, ज्यांना नको होते त्यांनी मुली नेल्या, ज्यांना हवे होते त्यांनी ठेवल्या. त्या हमालाला मात्र आपल्या मुलाबद्दल हे दिसू दिले गेले नव्हते. म्हणून तो हात जोडून गेला.

मला उपाय विचारतात. मोठे उपाय सुचवण्याचा माझा अधिकार नाही. एक लहानसा सुचवतो. दहावीचा निकाल लागला की फाटकावरच्या फलकात शंभर टक्क्यांच्या खाली आणखी तीन आकडे लिहावेत: दोन वर्षांपूर्वी नववीत किती मुले बसली होती, त्यांपैकी किती या शाळेतून दहावीला बसली, आणि उरलेल्यांपैकी किती जणांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला. विद्यापीठांनीही आणीबाणीचा अधिकार ज्या दिवशी वापरला त्याच दिवशी आणीबाणी कोणती होती ते एका परिच्छेदात छापावे. यासाठी नवा कायदा नको, समिती नको, निधी नको. शाळांच्या बाबतीत तर आकडे जमवावेही लागणार नाहीत. इयत्तावार पट प्रत्येक शाळा दरवर्षी यू-डायसमध्ये भरून पाठवते. तो मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या संगणकात असतो. पालकांच्या पहिल्या सभेत तो वाचून दाखवायला पाच मिनिटे लागतील. येत्या जूनमध्ये ज्यांची मुले नववीत जात आहेत त्यांनी तो मागावा. पहिल्यांदा तो मिळणार नाही, पुढच्या बैठकीत ठेवू असे सांगतील; तेव्हा त्या बैठकीची तारीख विचारून घ्यावी.